अपरिचित फाशांविषयी खेळाडूंचे मत कसे घ्यावे

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळाच्या, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रे रंगवत मिळून गोष्ट घडवण्याच्या खेळाच्या, टेबलवर नवे नियमपुस्तक येते आणि त्यासोबत वीस बाजूंच्या ओळखीच्या फाशाऐवजी सात, चौदा किंवा चोवीस बाजूंचे फासे निघतात, नाहीतर आकड्यांच्या जागी चिन्हे छापलेले रंगीबेरंगी फासे निघतात. पहिले सेशन संपले की गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, सर्वांना एकच प्रश्न विचारतो, "कसे वाटले?" ज्याला चांगली दाने पडली तो "मस्त" म्हणतो, ज्याला पडली नाहीत तो "आपला जुना खेळच बरा" म्हणतो, आणि बाकीचे "छान होते" असे पुटपुटत चपला शोधू लागतात. एवढ्या भांडवलावर पुढचे सहा महिने कोणता खेळ चालवायचा हे ठरवणे म्हणजे एका दानावरून फासा खोटा असल्याचे जाहीर करण्यासारखे आहे.

खेळाडूंच्या मताला किंमत नाही, असे मला सुचवायचे नाही. अडचण अशी की एका वाक्यात सांगितलेल्या मतात त्या रात्रीचे नशीब असते, नवे फासे हाताळताना झालेली धांदल असते आणि फाशाने दिलेला निकाल कथेत कसा उतरला याविषयीची खरी आवडनिवडही असते. नशीब पुढच्या आठवड्यात पालटते, धांदल दोन-तीन सेशनांत ओसरते, आवडनिवड मात्र सहसा टिकते. मत घ्यायचे म्हणजे हा गुंता सोडवायचा, आणि ते काम प्रश्न विचारण्याच्या बरेच आधी सुरू होते.

आधी स्वतः हिशेब करावा

त्या फाशांनी प्रत्यक्षात काय घडते हे गेम मास्टरला ठाऊक नसेल, तर खेळाडूची तक्रार खेळाविषयी आहे की केवळ जुन्या सवयीविषयी, हे त्याला ओळखता येणार नाही. यासाठी गणिताची पदवी लागत नाही. कागद, पेन आणि अर्धा तास पुरतो.

फेट या खेळाचे उदाहरण घ्यावे. त्यात सहा बाजूंचे चार फासे टाकतात. प्रत्येकाच्या दोन बाजूंवर अधिकचे चिन्ह, दोन बाजूंवर उण्याचे चिन्ह असते आणि दोन बाजू कोऱ्या असतात. चार फाशांची मिळून ८१ दाने संभवतात. त्यांपैकी १९ वेळा बेरीज शून्य येते, तर अधिक चार किंवा उणे चार ही टोके प्रत्येकी एकदाच येतात. आता कॅरेक्टरचे, म्हणजे खेळाडू रंगवतो त्या पात्राचे, कौशल्य आणि कामाची अवघडता सारखी असेल, तर निदान बरोबरी साधण्याची शक्यता सुमारे ६२ टक्के असते. कौशल्य एकाने वाढले की ती ८१ टक्क्यांवर जाते, दोनाने वाढले की ९४ टक्क्यांवर. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये वीस बाजूंच्या फाशावर मिळालेला एक अंक फक्त पाच टक्क्यांचा असतो. त्या फाशावर वाढलेला खेळाडू फेटमध्ये मिळालेल्या एका अंकाकडे तुच्छतेने पाहतो आणि "माझे कॅरेक्टर कधी वाढतच नाही" अशी कुरकुर करतो. त्याची भावना खरी असली तरी तिचा आधार चुकीचा आहे, आणि हे गेम मास्टरला माहीत असेल तरच तो त्याला वेळेवर आकडे दाखवू शकेल.

डंजन क्रॉल क्लासिक्स या २०१२ साली आलेल्या खेळात तर दानात अंक मिळवण्या-वजा करण्याऐवजी फासाच बदलतो. तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, दहा, बारा, चौदा, सोळा, वीस, चोवीस आणि तीस बाजूंचे फासे एका साखळीत मांडलेले असतात. परिस्थिती प्रतिकूल असेल तर साखळीत एक पायरी खालचा फासा उचलायचा, अनुकूल असेल तर एक पायरी वरचा. विसाऐवजी सोळा बाजूंचा फासा हातात आला की सरासरी साडेदहावरून साडेआठवर येते, म्हणजे हा उणे दोनचाच प्रकार झाला, असे वाटते. ते तसे नाही. कामाला १५ किंवा अधिक लागत असतील, तर वीस बाजूंच्या फाशावर शक्यता ३० टक्के असते, उणे दोन केल्यास २० टक्के उरते, पण सोळा बाजूंच्या फाशावर ती साडेबारा टक्क्यांवर घसरते. तेच काम सोपे असेल आणि ५ पुरत असतील, तर वीस बाजूंच्या फाशावर ८० टक्के, उणे दोन केल्यास ७० आणि सोळा बाजूंच्या फाशावर ७५ टक्के. म्हणजे ही साखळी सोप्या कामांत सौम्य आणि अवघड कामांत निर्दय असते. १७ लागत असतील आणि जोडीला काही बोनस नसेल, तर सोळा बाजूंचा फासा कितीही वेळा टाकला तरी व्यर्थ. "हा फासा घात करतो" असे एखादी खेळाडू म्हणाली तर ती नेमके हेच अनुभवत असते, आणि त्या वेळी तिला "ते फक्त उणे दोन आहे" असे समजावणारा गेम मास्टर चुकीचा असतो.

हिशेब आधी करण्याचे आणखी एक कारण आहे. काही मते अनुभवातून येत नाहीत, ऐकीव माहितीतून येतात. सॅव्हेज वर्ल्ड्स या खेळात फाशावर सर्वांत मोठा आकडा पडला की तो पुन्हा टाकून बेरीज करायची असते. लुडोत सहा पडल्यावर पुन्हा दान मिळते, त्याच जातीचा हा आनंद. या नियमामुळे एक गंमत होते. सहाचे लक्ष्य गाठायचे असेल, तर सहा बाजूंच्या फाशावर शक्यता १६.६७ टक्के असते, पण चार बाजूंच्या, म्हणजे कमकुवत कौशल्याच्या फाशावर ती १८.७५ टक्के निघते. कारण चार पडल्यावर पुढच्या दानात दोन किंवा अधिक आले की झाले. मुख्य कॅरेक्टरांना जोडीला सहा बाजूंचा आणखी एक फासा मिळत असल्याने हा फरक अधिकच बारीक होतो आणि खेळताना तो कोणाच्याही लक्षात येत नाही. मात्र एखाद्या हिशेबी खेळाडूने तो एकदा उघड केला की तासभर त्याचीच चर्चा चालते आणि शेवटी "या खेळाचे गणितच चुकले आहे" असा सामुदायिक निवाडा होतो. तो निवाडा टेबलवर घडलेल्या कशाहीवर आधारलेला नसतो, एवढे वहीत टिपून ठेवावे.

फासे हातात देण्यापूर्वी

विचित्र आकाराचे फासे सर्वांकडे असतीलच असे नाही, आणि प्रत्येकाने ते विकत घ्यावेत असा आग्रह पहिल्याच दिवशी धरू नये. साध्या फाशांनी बरेच भागते. सहा बाजूंच्या फाशाचे निम्मे केले की तीनचा फासा होतो, दहा बाजूंच्याचे निम्मे केले की पाचचा. अपूर्णांक वर न्यावा. आठ बाजूंचा फासा टाकून आठ पडल्यास पुन्हा टाकला की सातचा फासा झाला. आठ बाजूंच्या फाशासोबत नाणे उडवावे, काटा आल्यास आठ मिळवावे, म्हणजे सोळाचा होतो. बारा बाजूंच्या फाशासोबत तेच करून बारा मिळवले की चोवीसचा. तीससाठी दहा बाजूंचा फासा आणि सहा बाजूंचा फासा एकत्र टाकावा; सहा बाजूंच्या फाशावर एक-दोन पडल्यास काही मिळवू नये, तीन-चार पडल्यास दहा आणि पाच-सहा पडल्यास वीस मिळवावेत. चौदासाठी वीस बाजूंच्या फाशावर पंधरा आणि त्यापुढची दाने बाद करता येतात, पण मग दर दहांपैकी तीन दाने वाया जातात आणि टेबल कंटाळते.

येथे एक सावधगिरी हवी. अशा पर्यायी फाशांनी खेळलेल्या सेशननंतर "फार किचकट आहे" असे मत आले, तर ते नाण्याविषयी आहे, खेळाविषयी नव्हे. हाताळणीविषयीचे मत खऱ्या फाशांनी किंवा निदान फोनवरच्या अॅपने खेळल्यावरच घ्यावे. अॅपही तसे अर्धवटच, कारण चोवीस बाजूंचा गोलसर फासा ताटलीतून घरंगळत कोचाखाली जाणे हा त्या खेळाच्या अनुभवाचाच एक भाग आहे, आणि त्याबद्दल खेळाडूंची मते बरीच तीव्र असतात.

ज्या खेळांत फाशांची बेरीज करायची नसून यशे मोजायची असतात, ते समजावताना घरातल्या जुन्या खेळाचा उपयोग होतो. पचिशीत कवड्या टाकल्यावर किती उताण्या पडल्या हे आपण मोजतो. प्रत्येक कवडीवर आकडा नसतो, ती एकतर उताणी असते किंवा पालथी. सहा बाजूंचे पाच फासे टाकून त्यांत षटकार किती हे मोजणे याहून वेगळे नाही. माझा अनुभव असा की ज्यांनी कधीही रोलप्लेइंग खेळ पाहिलेला नाही, त्या मावशी-काकांना हा प्रकार बेरजेच्या फाशांपेक्षा लवकर कळतो, आणि ज्यांनी दहा वर्षे वीस बाजूंचा फासा टाकला आहे, त्यांनाच तो अंगवळणी पडायला वेळ लागतो.

शेवटी, पहिल्या सेशनच्या आरंभीच सांगून टाकावे की आज कोणाचेही मत विचारले जाणार नाही. एवढ्या एका वाक्याने खेळाडूंचा परीक्षकाचा आव गळून पडतो आणि ते खेळू लागतात.

खेळ चालू असताना काय टिपावे

मत तोंडातून येण्याआधी हातांतून येते. खेळाडू फासे उचलतो तिथपासून निकाल मोठ्याने सांगतो तिथपर्यंत किती वेळ जातो, निकाल तो स्वतः वाचतो की गेम मास्टरकडे पाहतो, दान पडल्यावर टेबलवरचे बाकीचे पुढे झुकतात की फोन काढतात, या गोष्टी गेम मास्टरच्या पडद्यामागच्या वहीत एक-दोन शब्दांत टिपाव्यात.

चिन्हांच्या फाशांबाबत हे निरीक्षण विशेष उपयोगी पडते. २०१३ साली स्टार वॉर्सच्या 'एज ऑफ द एम्पायर' या खेळात आणि पुढे २०१७ साली कोणत्याही कथाविश्वासाठी वापरता येणाऱ्या 'जेनेसिस'मध्ये आलेली ही पद्धत अशी : हिरवे, पिवळे आणि निळे फासे कॅरेक्टरच्या बाजूने, जांभळे, लाल आणि काळे त्याच्या विरुद्ध, आणि सगळे एकाच वेळी टाकायचे. यशाची चिन्हे अपयशाच्या चिन्हांना खातात, फायद्याची चिन्हे धोक्याच्या चिन्हांना खातात, आणि जे उरते तो निकाल. त्यामुळे काम फत्ते होऊनही काहीतरी बिघडू शकते, आणि काम फसूनही काहीतरी हाती लागू शकते. कुलूप उघडले, पण पलीकडच्या पहारेकऱ्याला खडखडाट ऐकू गेला. नेम चुकला, पण शत्रूला आडोसा सोडावा लागला.

या पद्धतीविषयी टोकाची मते ऐकू येतात आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे प्रामाणिक असते. ज्यांना ती आवडते ते सांगतात की आकड्यांचा फासा फक्त हो किंवा नाही म्हणतो आणि हे फासे गोष्ट सांगतात. ज्यांना आवडत नाही ते सांगतात की प्रत्येक दानाला नवा अर्थ सुचवून सुचवून डोके शिणते, आणि तिसऱ्या तासाला धोक्याची तीन चिन्हे पाहून कोणालाच काही सुचत नाही. गेम मास्टरने दुसऱ्या गटाची तक्रार सेशन चालू असतानाच पकडावी, कारण ती पुष्कळदा पद्धतीची नसून थकव्याची असते. नियमांतच तिच्यावर तोड आहे : फायद्याच्या एका चिन्हाने कॅरेक्टरचा थोडा ताण (त्याच्या थकव्याचा मोजलेला आकडा) भरून काढता येतो किंवा पुढच्या सोबत्याला निळा फासा देता येतो, आणि धोक्याचे चिन्ह कॅरेक्टरच्या ताणात भर घालून संपवता येते. काही सुचले तर कथा, नाही सुचले तर ताण, असा सरळ शिरस्ता ठेवला आणि तरीही शीण राहिला, तरच ते मत पद्धतीविषयी मानावे.

या फाशांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती कोणी आपणहून बोलून दाखवत नाही. हिरवा आणि जांभळा दोन्ही आठ बाजूंचे, पिवळा आणि लाल दोन्ही बारा बाजूंचे, निळा आणि काळा दोन्ही सहा बाजूंचे असतात; म्हणजे मित्र आणि शत्रू यांच्यातला भेद आकाराने होत नाही, रंगाने आणि बारीक चिन्हांनीच होतो. ज्याला रंग ओळखण्यात अडचण आहे, किंवा ज्याचा चष्मा बदलायला झाला आहे, तो मंद दिव्यात या फाशांवर विनाकारण चिडलेला दिसेल. कारण विचारण्याआधी दिवा बदलून पाहावा. हातांच्या बाबतीतही तसेच. ड्रेड या भयकथांच्या खेळात फासेच नाहीत, लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून ठोकळा ओढायचा असतो. ज्याचा हात थरथरतो त्याचे त्या खेळाविषयीचे मत त्याच्या हाताचे मत असते, आणि त्याच्या वतीने दुसऱ्याने ठोकळा ओढण्याची मुभा दिल्याशिवाय ते विचारण्यात अर्थ नाही.

कधी आणि काय विचारावे

पहिल्या सेशननंतर काहीच विचारू नये, हे वर आलेच आहे. दुसऱ्या सेशननंतरही, फासे अजून टेबलवर गरम असताना, मताऐवजी फक्त घटना विचाराव्यात : आजचे कोणते दान लक्षात राहिले, आणि त्या दानाने पुढे काय घडले? ज्याला एकही दान आठवत नाही त्याचे मौनही बोलके असते. आवडनिवड मात्र दोन-तीन दिवसांनी विचारावी, कारण तोवर हरल्याचा सल उतरलेला असतो.

प्रश्न नेमके असावेत. "फासे आवडले का" याऐवजी "फासे टाकण्याआधी जमेल असे वाटत होते का, आणि किती" असे विचारावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे सेशनमध्ये तीन-चार महत्त्वाच्या दानांपूर्वी खेळाडूला अंदाज सांगायला लावावा, तो टिपावा आणि नंतर खऱ्या शक्यतेशी ताडून पाहावा. अंदाज आणि वास्तव यांत मोठी दरी असेल तर त्या खेळाडूचे मत पद्धतीविषयी अजून तयारच झालेले नाही. त्याला आणखी एक सेशन द्यावे.

२०१७ साली पुस्तकरूपाने आलेल्या ब्लेड्स इन द डार्कमध्ये ही दरी हमखास दिसते. त्यात सहा बाजूंचे फासे टाकून फक्त सर्वांत मोठा आकडा पाहायचा असतो : सहा म्हणजे पूर्ण यश, चार किंवा पाच म्हणजे यश पण किंमत मोजून, तीन किंवा खाली म्हणजे संकट. दोन फासे हातात असलेल्या खेळाडूला वाटते की आपले पारडे जड आहे, आणि काहीतरी साधण्याची शक्यता ७५ टक्के आहेही. परंतु तीत स्वच्छ यश सुमारे ३१ टक्केच असते आणि किंमत मोजून मिळणारे यश ४४ टक्के. साहजिकच चार सेशनांनंतर तक्रार येते की "नेहमी काहीतरी बिघडतेच". ही तक्रार नशिबाची नाही, गैरसमजाचीही नाही. खेळाडूने फाशांचे गणित न करता अचूक वाचले आहे. खेळाची रचनाच अशी आहे की चोरांच्या टोळीचे प्रत्येक काम नवी भानगड घेऊन यावे. म्हणून येथे पुढचा प्रश्न "फासे कसे वाटले" हा नसून "सतत भानगडीत सापडणाऱ्या माणसांची गोष्ट तुम्हाला खेळायची आहे का" हा असावा. याचे उत्तर नाही असेल तर कोणताही घरगुती नियम ते दुखणे बरे करणार नाही. हो असेल, पण परिणाम फार कडक वाटत असतील, तर त्या खेळाडूला ताण घेऊन परिणाम टाळण्याची किंवा दोन ताण घेऊन एक फासा वाढवण्याची सोय आठवते का, हे पाहावे. पहिल्या महिन्यात ती बहुतेकांना आठवत नाही.

विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे, विशेषतः आपल्याकडे. घरी बोलावले, चहा-पोहे दिले, वर फासे परदेशातून मागवले हेही सांगितले, की पाहुणा भिडेखातर "अहो, फारच छान" म्हणणारच. ग्रुपवर विचारले तर पहिल्या माणसाचे उत्तर पुढच्या सर्वांचे होते, आणि गटातल्या दादाने नापसंती दाखवली तर नवखे खेळाडू त्याच्या मागे उभे राहतात. त्यामुळे प्रत्येकाला वेगळे विचारावे, शक्य तर चिठ्ठीवर, आणि प्रश्न असा ठेवावा की त्यात यजमानाचा मान दुखावण्याचा संबंध येणार नाही : "यांपैकी एक नियम काढून टाकायचा झाला तर कोणता?" या प्रश्नाला भिडस्त माणूसही खरे उत्तर देतो.

तक्रारीचे वजन कसे करावे

नशिबाच्या तक्रारीला औषध म्हणून नोंद ठेवावी. २०१९ साली आलेल्या एलियन या खेळात सहा बाजूंचे अनेक फासे टाकतात आणि एक जरी षटकार पडला तरी काम होते. पाच फासे असतील तर यशाची शक्यता सुमारे ६० टक्के. म्हणजे पाच-पाच फासे टाकूनही दहांपैकी चार वेळा हाती शून्य येणार. सलग तीनदा असे होण्याची शक्यता साडेसहा टक्क्यांच्या आसपास आहे, आणि चार खेळाडू चार तास खेळत असतील तर कोणाच्या तरी वाट्याला ते येणारच. ज्याच्या वाट्याला येते त्याला ते जन्मभर आठवते. वहीतल्या खुणा दाखवल्यावर तो शांत होतो असे नाही, पण त्याच्या मताचे वजन किती धरायचे हे गेम मास्टरला कळते.

याच खेळात दुसरी गंमत आहे. दान मनासारखे पडले नाही तर खेळाडू पुन्हा टाकू शकतो, पण त्यासाठी कॅरेक्टरचा ताण एकाने वाढतो आणि ताणाचा वेगळा फासा तो ताण उतरेपर्यंत त्याच्या मुठीत येऊन बसतो. तो फासाही षटकार देऊ शकतो, म्हणून यशाची शक्यता वाढते. पण त्यावर एक पडला की कॅरेक्टर घाबरते का हे पाहण्यासाठी आणखी एक दान टाकावे लागते. असे तीन फासे असतील, तर निदान एकावर एक पडण्याची शक्यता ४२ टक्के. या पद्धतीविषयी खेळाडूंची तक्रार क्वचितच ऐकू येते, आणि त्याचे कारण मला असे वाटते की येथे संकट फाशाने आणलेले नसते, खेळाडूने स्वतःच्या हाताने मागून घेतलेले असते. वाईट दानाचा राग येतो तो निर्णय आपला नसतो तेव्हा. मत तोलताना हा प्रश्न आधी विचारावा : बिघडलेल्या दानाआधी खेळाडूपुढे काही निवड होती का?

डंजन क्रॉल क्लासिक्समधल्या योद्ध्याबाबत हेच दिसते. त्याला हल्ल्यात ठरावीक बोनस मिळत नाही, एक फासा मिळतो. त्याचे दान हल्ल्यात आणि इजेत दोन्हीकडे मिळवायचे असते. शिवाय फासे टाकण्याआधी तो एखादा पराक्रम जाहीर करू शकतो, उदाहरणार्थ शत्रूची ढाल हिसकावणे. हल्ला लागला आणि त्या फाशावर तीन किंवा अधिक पडले, तर तो पराक्रम साधतो. पहिल्या पातळीवर हा फासा तीन बाजूंचा असतो, म्हणजे संधी तीनांत एक; दुसऱ्यावर चार बाजूंचा, म्हणजे निम्मी; पाचव्या पातळीवर सात बाजूंचा, म्हणजे सातांत पाच. बोनस दर वेळी बदलतो म्हणून आधी वैतागलेला खेळाडू, पराक्रम जाहीर करण्याची सवय लागल्यावर, त्याच फाशाची वाट पाहू लागतो. म्हणून पराक्रम जाहीर न करता खेळलेल्या योद्ध्याचे मत जमेस धरू नये.

हाताळणीच्या तक्रारींना वेळेचे मोजमाप लावावे. दुसऱ्या आणि चौथ्या सेशनमध्ये फासे उचलण्यापासून निकालापर्यंतचा वेळ पाहावा. तो घटत असेल तर थांबावे, तेवढाच राहिला असेल तर तक्रार खरी आहे. चौदा आणि सोळा बाजूंचे फासे हातात सारखेच लागतात, हे मात्र चार सेशनांनीही बदलत नाही. त्यांना वेगवेगळे रंग द्यावेत आणि विषय संपवावा.

निर्णय घेताना

पद्धत ठेवायची की सोडायची याचा कौल मतदानाने घेऊ नये. चार जणांना किंचित आवडणारी आणि एकाला अजिबात न सोसणारी पद्धत, सर्वांना बरी वाटणाऱ्या पद्धतीपेक्षा टेबलला महाग पडते. तो एक जण हळूहळू येईनासा होतो. आधी एक छोटी चाचणी करावी. त्याच कॅरेक्टरांनी, तोच प्रसंग, एकदा नव्या फाशांनी आणि एकदा जुन्या फाशांनी अर्धा-अर्धा तास खेळावा आणि दोन्ही वेळी गोष्ट कुठे पोहोचली एवढेच लिहून ठेवावे. दोन्ही गोष्टी सारख्याच निघाल्या तर नव्या फाशांचा त्रास सोसण्याचे कारण उरत नाही.

तुलनेसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्समधला अॅडव्हान्टेजचा नियम डोळ्यांपुढे ठेवावा. २०१२ साली सुरू झालेल्या सार्वजनिक चाचणीत खेळाडूंकडून प्रश्नावल्या भरून घेत या खेळाची आवृत्ती घडवली गेली आणि २०१४ साली ती प्रकाशित झाली. हा नियम त्यातलाच. अनुकूल परिस्थितीत वीस बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि मोठा घ्यायचा. ११ लागत असतील तर शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते, ३ लागत असतील तर ९० वरून ९९ वर, आणि २० च लागत असतील तर ५ वरून जेमतेम पावणेदहावर. मिळणारा लाभ असा प्रत्येक ठिकाणी वेगळा असूनही त्याविरुद्ध कोणी हिशेब मांडत बसत नाही, कारण बेरीज करावी लागत नाही आणि दुसरा फासा घरंगळत असताना सगळे टेबल श्वास रोखून पाहत असते. नवी पद्धत याच्या जवळपास सहज वाटत असेल, तर तिच्या गणितातल्या खोडी खेळाडू पोटात घालतात. वाटत नसेल, तर निर्दोष गणितही तिला वाचवत नाही.

छाटणीचा मार्गही असतो. चिन्हांच्या फाशांचा शीण येत असेल तर ते लढाई आणि मोक्याच्या प्रसंगांपुरते ठेवावेत आणि किरकोळ कामे न टाकताच मान्य करावीत. फाशांची साखळी आवडत असेल पण अवघड कामांत ती जाचत असेल, तर वर चढणाऱ्या पायऱ्या ठेवून खाली उतरणाऱ्या पायऱ्यांच्या जागी साधे उणे दोन वापरावे. एका वेळी एकच बदल करावा, तो कधी केला त्याची तारीख वहीत लिहावी आणि पुढच्या दोन सेशनांत दुसरे काही हलवू नये. नाहीतर सुधारणा कशाने झाली हे कोणालाच सांगता येत नाही. दोन सेशनांनंतर पुन्हा त्याच चिठ्ठ्या, तोच प्रश्न. आणि या वेळी चहा-पोहे चिठ्ठ्या गोळा झाल्यावर द्यावेत.